बंदुकीचे दोन पाय

गेल्या कार्तिकात आमच्या घरी असा एक प्रश्न उपस्थित झाला की, त्याचा निकाल लागेपर्यंत घरातील कोणालाही पुरते स्वास्थ्य लाभले नाही. वरवर पाहता प्रश्न क्षुल्लक होता. आमच्या रायफलीला पुढच्या बाजूस दोन पाय बसवावेत की नाही, आणि बसवायचे तर ते आखूड असावेत की लांब, एवढाच काय तो वाद. बंदुकीच्या अशा दुपायी टेकूला बायपॉड म्हणतात. तीन पायांची ती तिपाई, तेव्हा दोन पायांची ती दुपाई, असा सरळ न्याय लावून आमच्या पत्नींनी त्याचे बारसे उरकून टाकले. आणि ह्या लेखापुरते तेच नाव आम्हीही चालवितो.

ज्या मासिकात काव्याची आणि कादंबऱ्यांची चर्चा व्हावयाची, तेथे हे बंदुकीचे पुराण कशाला, असे एखाद्या वाचकास वाटेल. त्यांनी एकदा आमच्या बोरी अरबास यावे. दारव्हे तालुक्यातील, अडाण नदीच्या काठचे हे गाव. जमीन काळी, खोल आणि चिकट. पीक मुख्यतः पऱ्हाटीचे, सोयाबीनचे आणि तुरीचे. पावसाळ्यात नदीला पूर आला की दारव्हा-यवतमाळ रस्ता अडतो, आणि पूर ओसरला की रानडुकरांचा रस्ता मोकळा होतो. रानडुक्कर खाते थोडे आणि नासते फार. एका रात्रीत दहा-बारांचा कळप शेतातून गेला, म्हणजे सकाळी ते शेत कोणी उलटा वखर फिरवावा तसे दिसते. रोही त्या मानाने सभ्य. ते शेंडे खुडून जाते, पण उभ्या तुरीतून त्याचे धूड निघून गेले की त्या वाटेवर उभे असे काही राहत नाही. तेव्हा येथील कास्तकाराच्या घरात जागल हा ऋतुचर्येचाच एक भाग होऊन बसला आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अकराव्या कलमात उभ्या पिकांची नासाडी करणाऱ्या जनावरांना मारण्यास लेखी परवानगी देण्याची सोय आहे. ती परवानगी आम्ही रीतसर मिळविली होती, आणि बंदुकीचा परवाना तर वडिलांच्या वेळेपासून घरात चालत आलेला. बंदूक .३१५ मापाची, इशापूरच्या सरकारी कारखान्यातील. ह्या मापामागेही एक लहानसा इतिहास आहे. इंग्रजी अमदानीत फौजेची रायफल .३०३ ची असे, आणि फौजेची काडतुसे खाजगी बंदुकीत चालू नयेत म्हणून प्रजेला ते माप निषिद्ध होते. तेव्हा ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर रायफलीचे आठ मिलिमीटरचे काडतूस शिकारी बंदुकीसाठी घेण्यात आले, त्यालाच आपल्याकडे.३१५ म्हणतात. सरकारच्या संशयातून जन्मास आलेले हे माप सरकार बदलल्यावरही तसेच राहिले आहे.

आता दुपाईची निकड का भासली ते सांगावयास हवे. आणि ते सांगणे आम्हाला सुखाचे नाही. तीन वर्षांपूर्वी मार्गशीर्षातील एका रात्री धुऱ्यावर उभे राहून आम्ही एका डुकरावर गोळी झाडली. अंतर फार तर चाळीस मीटर. हात उचलला त्या वेळी तो स्थिर होता असे आम्हाला वाटले, आणि चाप ओढण्याच्या क्षणी तो स्थिर नव्हता हे आम्हाला कळले. ही दोन्ही ज्ञाने एका सेकंदाच्या अंतराने झाली. जनावर खाली बसले, उठले आणि तुरीत शिरले. सकाळी पानांवर रक्ताचे थेंब सापडले. ते नदीच्या उतारापर्यंत गेले होते आणि पुढे दगडांत नाहीसे झाले होते. जखमी डुकरासारखे धोक्याचे जनावर आमच्या रानात दुसरे नाही. त्या पट्ट्यात तीन दिवस एकही बाई कापूस वेचावयास उतरली नाही, आणि त्यांत त्यांची काहीच चूक नव्हती. चवथ्या दिवशी घारींनी जागा दाखविली. मध्यंतरी कोणाला इजा झाली नाही हे त्या बायांचे नशीब. आमचे कर्तृत्व त्यात शून्य. ते जनावर तीन दिवस कोठे व कसे पडून होते ह्याचा विचार आम्ही अजूनही फारसा करीत नाही. म्हणजे करावयाचा नाही असे ठरवितो.

वास्तविक आमचा हात वयाच्या साठीनंतरच थोडा कापू लागला होता. चहाचा पेला बशीत ठेवताना तो वाजे, आणि घरातील मंडळी तो वाजला नाही असे दाखवीत. पण पेल्याची गोष्ट निराळी आणि बंदुकीची निराळी, अशी आम्ही आमची समजूत घालून घेतली होती. त्या रात्रीनंतर दोन वर्षे बंदूक खोळीतून निघाली नाही. गेल्या वर्षी मात्र सोयाबीनचा जवळजवळ तिसरा हिस्सा डुकरांनी लोळवला, आणि सालदाराने डबे वाजवून वाजवून दोन डबे फोडले. तेव्हा बंदूक काढणे भाग आले, आणि काढावयाची तर टेकूवाचून नाही, हे आम्ही मनाशी ठरविले.

टेकू घेण्याची लाज वाटते ती का, हे कोडे आम्हाला उलगडलेले नाही. चष्मा लावताना वाटत नाही, काठी घेताना थोडी वाटते, आणि बंदूक टेकविताना फार वाटते. वास्तविक बंदूक जन्मली तीच टेकू घेऊन. सोळाव्या-सतराव्या शतकांतील युरोपातील मस्केट इतकी जड असे की, शिपायाच्या एका हातात बंदूक आणि दुसऱ्या हातात दुबेळक्याची काठी असावयाचीच. पुढे बंदुका हलक्या झाल्या आणि काठी गळाली. आपल्याकडील जेजाल नावाची लांबलचक बंदूक तटाच्या आधारावर ठेवून उडवीत. अफगाणांच्या जेझाइलीलाही पुढे दुबेळके लागे, आणि १८३९ ते १८४२ च्या युद्धात त्या दुबेळक्यावरून सुटलेल्या गोळ्यांनी इंग्रजांच्या फौजेची दैना केली. सर्वांत मनात भरणारी कल्पना तिबेटी लोकांची. त्यांच्या तोड्याच्या बंदुकीला बिजागरीवर फिरणारे दोन लाकडी पाय असत आणि त्यांच्या टोकांना चिरू नावाच्या हरणाची शिंगे बसविलेली असत. म्हणजे ज्याची शिकार करावयाची, त्याच्याच शिंगांवर बंदूक उभी! अशा थोर परंपरेचा दाखला मिळाल्यावर आमची लाज पुष्कळशी कमी झाली, हे कबूल केले पाहिजे.

ह्या कामी आमचा सल्लागार म्हणजे पुण्यास शिकणारा आमचा पुतण्या. तो नेमबाजीच्या मैदानावर जातो आणि ह्या विषयावर अधिकारवाणीने बोलतो. दिवाळीला तो आला तो कोणा मित्राची हॅरिस नावाची अमेरिकन दुपाई पिशवीत घालूनच. वस्तू देखणी खरी. पाय दुमडून नळीखाली निजतात, आणि झटका दिला की स्प्रिंगच्या जोराने उघडून उभे राहतात. पायांत पाय सरकविलेले असून खाचाखाचांनी उंची वाढविता येते. जमीन एका बाजूस उतरती असली तर बंदूक तेवढी कलती करून सरळ धरता यावी म्हणून वरचा भाग फिरता ठेवलेला. ही सोय चैनीची नव्हे. बंदूक कलली की माशी नेमकी असूनही गोळी कललेल्या बाजूस आणि थोडी खाली जाते.

“तू स्वतः हिच्यावरून नेम मारतोस का रे?” आम्ही विचारले.

“नाही काका, आमच्यात ती चालत नाही,” तो म्हणाला. “निजून मारायचे असले तरी फक्त दंडाला पट्टा. बाकी कसलाही टेकू लावला की बाद.”

आम्ही थोडे वरमलो. २०१० साली म्युनिकमध्ये पन्नास मीटरवर निजून नेम मारण्याच्या प्रकारात जगज्जेती झालेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकात कांस्यपदक मिळविणारा कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, हे सगळे पट्ट्यावर. आणि आम्ही तेवढे दुपाईवर! पुतण्याच्या ते लक्षात आले असावे. त्याने लगेच कॅनडातील जॉर्ज फार्कुहरसन ह्या गृहस्थांची हकीकत सांगितली. वय झाल्यावर पट्टा आवळून निजणे ज्यांना झेपत नाही त्यांनी मैदान सोडून घरी का बसावे, असे ह्या गृहस्थांना वाटले, आणि त्यांनी टेकू व दुर्बीण वापरण्याची मुभा असलेला एक निराळाच वर्ग काढला. त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरावरून त्याला एफ-क्लास म्हणतात. त्यातील एका पोटवर्गात दुपाई असते; बंदूक .२२३ किंवा .३०८ मापाचीच हवी, आणि दुपाईसकट तिचे वजन सव्वाआठ किलोच्या वर जाता कामा नये. म्हाताऱ्यांसाठी म्हणून निघालेल्या ह्या खेळाच्या आता जागतिक स्पर्धा होतात आणि तरुणही त्यात उतरतात. ह्या गृहस्थांबद्दल आमच्या मनात तेव्हापासून फार आदर आहे.

पण मैदानाची दुपाई शेतात आणली की प्रत्येक पावलावर अडते, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळावयाचे होते. पहिली अडचण बसविण्याचीच. तिला बंदुकीच्या लाकडात मळसूत्राने बसविलेला एक लहानसा खुंट लागतो; आमच्या बंदुकीला त्या जागी पट्ट्याची कडी. एक पर्याय असा की, नळीलाच शिकंजा आवळून त्यावर दुपाई लावावी. पुतण्याने ह्याला स्पष्ट नकार दिला. गोळी सुटताना नळी तारेसारखी थरथरते, आणि तिच्यावर वजन अडकविले की तो थरथराट बदलतो व गोळी निराळ्याच ठिकाणी लागते. ती कोठे लागते हे पाहण्यास पुष्कळ काडतुसे खर्ची घालावी लागतील, आणि आमच्याजवळची काडतुसे तर मोजून हिशेबात धरलेली. शेवटी सुतळीने तात्पुरती बांधून आम्ही बिनकाडतुसाची बंदूक घेऊन शेतात गेलो.

धुऱ्यावर निजलो. हॅरिसच्या सर्वांत आखूड दुपाईचे पाय सहापासून नऊ इंचांपर्यंत वाढतात. नऊ इंचांवरून आम्हाला दिसली ती पऱ्हाटीची खोडे. कार्तिकात पऱ्हाटी कमरेच्या वर गेलेली असते आणि तूर माणसाला गिळते. बसून नेम धरण्याकरता साडेतेरा इंचांपासून सत्तावीस इंचांपर्यंत वाढणारे उंच पायही मिळतात. पण उंच पायांना डुलण्याची खोड असते, आणि सत्तावीस इंचांवरूनही तुरीपुढे पाहणे अशक्यच. शिवाय काळ्या मातीत पाय हळूहळू रुततात, आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा अधिक रुततो. धुऱ्यावरच्या दगडावर टेकविले, तर बार झाल्याबरोबर बंदूक उसळी घेणार.

ह्या सगळ्यांवर काहीतरी तोड निघाली असती. पण धुऱ्यावरून उठता उठता आमची दृष्टी समोर गेली, आणि आमच्या पोटात कालवले. समोर आमची पऱ्हाटी, तिच्यापलीकडे पांदण, पांदणीपलीकडे दुसऱ्याचे शेत, आणि त्या शेताच्या कोपऱ्यात जागलीचे मचाण. त्याच्याखाली राखेचा ढीग होता. रात्री तेथे शेकोटी असते आणि शेकोटीजवळ माणूस असतो.

घरी येऊन आम्ही नातीच्या पाटीवर हिशेब मांडला. बंदुकीचे तोंड जमिनीपासून नऊ इंच. डुकराच्या खांद्यामागची नेमाची जागा जमिनीपासून सुमारे वीस इंच. मध्ये चाळीस मीटर. म्हणजे गोळी जाते ती वर चढत! नेम चुकला किंवा गोळी आरपार गेली, तर ती पुढेही चढतच जाणार आणि खाली येईल ती तीनशे-चारशे मीटरांवर. तेवढ्या अंतरात आमच्या त्या दिशेला तीन मचाणे आहेत. आता हीच बंदूक बारा फूट उंचीवरून मारली, तर गोळी पहिल्यापासून उतरत येते आणि डुकरापलीकडे सहा-सात मीटरांत मातीत जाते. पाटीवरील ते दोन आकडे आम्ही बराच वेळ पाहत बसलो. ज्या साधनाने आमचा हात स्थिर होणार होता, तेच साधन आम्हाला जमिनीवर निजवून दुसऱ्याच्या शेकोटीकडे गोळी पाठविणार होते. तीन वर्षांपूर्वीची ती गोळीही धुऱ्यावरून आडवीच गेली होती, आणि ती डुकरालाच लागली म्हणून थांबली, ही गोष्ट इतक्या दिवसांत आमच्या एकदाही मनात आली नव्हती. चुकलेल्या हाताचा आम्ही शोक केला. चुकलेल्या जागेचा विचारच केला नव्हता.

मग प्रश्न असा की, मचाण आमच्याही शेतात असताना आम्ही त्यावर चढत का नव्हतो? उत्तर लाजिरवाणे आहे. आमचे गुडघे दुखतात. शिडीला अकरा पायऱ्या आहेत. दुपाईच्या पाठीमागे आमचा जो एवढा ध्यास होता, त्यात हाताच्या कंपापेक्षा गुडघ्यांची कणकण अधिक होती, हे पत्नींनी आधीच ओळखले होते आणि पुतण्या असेपर्यंत सौजन्याने बोलून दाखविले नव्हते.

तरीही दुपाई मचाणावर न्यावी असे मनात होतेच. त्यासाठी आम्ही गावातील निवृत्त सुभेदारांना बोलाविले. ते महार रेजिमेंटचे. १९४१ साली बेळगावास उभ्या राहिलेल्या ज्या पलटणीच्या चिन्हावरच तिपाईवर चढविलेल्या दोन मशीनगन एकमेकींना छेद देऊन बसल्या आहेत, तिच्यात त्यांची उमेद गेली. ब्रेन बंदुकीच्या दुपाईवर त्यांनी वर्षानुवर्षे छाती टेकविलेली. मचाणाच्या बांबूंवर त्यांनी दुपाई ठेवून पाहिली. एक पाय दोन बांबूंच्या फटीत गेला आणि दुसरा गुळगुळीत बांबूवरून घसरला. त्यांनी ती शांतपणे दुमडली.

“भाऊसाहेब, हे जमिनीचं जनावर आहे,” ते म्हणाले. “ह्याला जमीन द्या, नाहीतर घरी ठेवा. आम्ही ब्रेन लावायचो तेव्हा आधी काय पाहायचो माहीत आहे? गोळी कुठे जाऊन थांबेल ते. पाय मागाहून.”

मचाणाखाली आमचा सालदार विडी ओढीत बसला होता. त्याच्या वडिलांनी आमच्या वडिलांबरोबर जागली केलेल्या. तो न विचारता बोलला, “भाऊ, मोठे मालक तर सरकीची थैली ठेवत. कठड्यावर थैली, थैलीवर बंदूक.”

हे ऐकून सुभेदार हसले. आम्हाला मात्र एकदम आठवण झाली. वडिलांच्या मचाणावर एक मळकट उशी असे. ती त्यांच्या डोक्याखाली घेण्याची, असे आम्ही पन्नास वर्षे समजत आलो होतो.

गोणपाटाची हातभर लांब पिशवी शिवून तिच्यात सरकी तीन हिस्से भरली आणि एक हिस्सा रिकामा ठेवला. गच्च भरली तर ती लाकडासारखी कडक होते आणि बंदुकीला कुशीत घेत नाही. कठड्याचा आडवा बांबू काथ्याने पक्का आवळला. पिशवीवर टेकवावयाचा तो बंदुकीचा लाकडी भाग, नळी नव्हे. त्याचे कारण पुतण्याने सांगितले तेच. मागच्या दस्त्याखाली डावी मूठ. मूठ आवळली की माशी खाली उतरते, सैल केली की वर चढते. ह्या व्यवस्थेत आमचा कंप कोठे गेला ते आम्हाला सांगता येणार नाही. तो हातात होता, बंदुकीत नव्हता. शिडीला दोन्ही बाजूंनी दोर बांधला आणि पायऱ्या अकराच्या सोळा केल्या.

शेजारच्या तिन्ही मचाणांवर जाऊन आम्ही कोणत्या रात्री बसणार ते सांगून आलो. पहिल्या दोन रात्री काहीच आले नाही. तिसऱ्या रात्री कळप आला, पण नेमाच्या रेषेत पांदणीवरून एक उजेड हलत होता. कोणीतरी उशिरा बंडी घेऊन घरी चालले होते. आम्ही चापावरून बोट काढले. कळपाने आमच्या डोळ्यांदेखत दोन ओळी उपटल्या आणि तो सावकाश निघून गेला. पाचव्या रात्री एक मोठा नर एकटाच आला आणि पऱ्हाटीच्या कडेला आडवा उभा राहिला. बार झाला. तो होता तेथेच पडला आणि हलला नाही. आम्ही मात्र बराच वेळ उतरलो नाही. सालदाराने खालून दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा त्याच्या आवाजात काळजी होती. सकाळी वनखात्याचे लोक येऊन पंचनामा करून गेले, आणि त्याच दुपारी त्या पट्ट्यात बाया वेचावयास उतरल्या.

दुपाई पुतण्याबरोबर पुण्यास परत गेली. पौषात आमची गाय व्याली. आणि बाळंतिणीला चार मुठी सरकी हवी म्हणून सालदाराच्या कारभारणीने, घरात दुसरी शिल्लक नसल्यामुळे, मचाणावरील पिशवी उसवून गायीपुढे ओतली. आम्ही संध्याकाळी शिडी चढून गेलो तो कठड्यावर रिकामे गोणपाट वाऱ्याने हलत होते. आता त्यात अडाणेची वाळू भरली आहे. ती सरकीइतकी मऊ नाही, पण गाय खात नाही.